अर्ध्या मुळावर मीठ: सोयाबीनच्या गाठी नेमक्या कुठे अडतात?

क्षारपड जमिनीतलं सोयाबीनचं रोप अलगद खणून मुळं धुतली की गाठी बोटांवर मोजण्याइतक्या दिसतात. कधी एकही नसते. बियाण्याला रायझोबियम, म्हणजे या गाठींत राहून हवेतला नत्र रोपाला देणारे जिवाणू, चोळलेले असतात, त्यांचं संवर्धक ताजं असतं, पेरणीही ओलीवर झालेली असते. मग निष्कर्ष निघतो तो बहुतेक वेळा एकच: मिठाने जिवाणू मेले. त्यावरचे उपायही ठरलेले असतात. जिवाणू जास्त लावायचे, किंवा मीठ सोसणारे जिवाणू शोधायचे.

हा निष्कर्ष खरा आहे का, हे तपासणारा एक प्रयोग 1984 साली ‘प्लांट फिजिऑलॉजी’ या नियतकालिकात छापून आला. तो हवाई विद्यापीठातल्या पॉल सिंगलटन आणि बेन बोहलूल यांनी केला होता. आज चाळीस वर्षांनंतरही खारवट जमिनीत द्विदल पीक घेणाऱ्या आणि त्यावर सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने तो नीट समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. त्यांनी विचारलेला प्रश्न फार साधा होता आणि उत्तर शोधायची रीत त्याहून साधी. निघालेलं उत्तर मात्र आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे.

गुंता कशाचा होता

सगळ्या रोपालाच खारं पाणी दिलं तर तीन गोष्टी एकदम होतात. मातीतल्या पाण्यात मीठ वाढलं की मुळाला पाणी ओढणं जड जातं, पानांची रंध्रं मिटू लागतात आणि साखर कमी तयार होते. गाठी या साखरेवरच जगतात, त्यामुळे शेंडा उपाशी राहिला तर गाठीही कमी होणारच. दुसरं, जिवाणूंवरही ताण येतो. तिसरं, मुळाच्या पेशींवर मिठाचा थेट परिणाम होतो. शेवटी आपल्या हाती येतो तो गाठी कमी झाल्याचा एक आकडा. त्यात शेंड्याचा वाटा किती, जिवाणूंचा किती आणि मुळाचा किती, हे त्या आकड्यातून कळायला मार्ग नसतो.

सिंगलटन आणि बोहलूल यांनी एकाच रोपाची मुळं दोन भागांत विभागली आणि दोन भांड्यांत वाढवली. शेंडा एकच. मीठ आणि जिवाणू दोन्ही एकाच अर्ध्या भागाला दिले. दुसऱ्या अर्ध्याला ना मीठ, ना जिवाणू. बिनमिठाच्या बाजूने रोपाला पाणी मिळत राहिलं, म्हणून शेंडा तहानलेला राहिला नाही. गाठी मात्र जिथे मीठ होतं त्याच बाजूला होणार होत्या. तीन कारणांपैकी एक असं हिशेबातून बाहेर पडलं.

सोयाबीनचा वाण होता ‘डेव्हिस’. मिठाच्या चार पातळ्या घेतल्या: 0, 26.6, 53.2 आणि 79.9 मिलीमोलर सोडियम क्लोराईड. रोजच्या भाषेत सांगायचं तर लिटरभर पाण्यात साधारण दीड ग्रॅम, तीन ग्रॅम आणि पावणेपाच ग्रॅम मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यापुढे हे प्रमाण अगदीच किरकोळ वाटतं. ते किरकोळ का नाही, हे पुढच्या आकड्यांतून दिसतं.

काय दिसलं

पहिली नोंद जिवाणूंची. मुळाच्या पृष्ठभागावर रायझोबियमची वस्ती चारही पातळ्यांवर सारखीच बसली. सर्वांत खाऱ्या भांड्यातही जिवाणू जिवंत होते, मुळाला चिकटलेले होते आणि आपली संख्या राखून होते. मिठाने ते मेले हा निष्कर्ष इथेच बाद झाला.

दुसरी नोंद गाठींची. 26.6 मिलीमोलरला गाठींची संख्या आणि वजन दोन्ही जवळजवळ निम्म्यावर आलं. 53.2 आणि 79.9 ला घट 90 टक्क्यांहून जास्त होती. जिवाणू जागच्या जागी आणि गाठी मात्र दहातली एकसुद्धा धड नाही, असं ते चित्र होतं.

तिसरी नोंद शेंड्याची, आणि या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथे आहे. शेंड्याच्या कोरड्या वजनात फरक पडला नाही. पण शेंड्यातला एकूण नत्र दर भांड्याला 1.26 ग्रॅमवरून 0.44 ग्रॅमवर आला आणि नत्राचं प्रमाण 3.75 टक्क्यांवरून 1.26 टक्क्यांवर. हे आकडे एकमेकांशी ताडून पाहा. 1.26 ग्रॅम नत्र 3.75 टक्के असेल तर शेंडा सुमारे 34 ग्रॅमचा. 0.44 ग्रॅम नत्र 1.26 टक्के असेल तर शेंडा सुमारे 35 ग्रॅमचा. म्हणजे वजन जवळजवळ तेच राहिलं आणि आतला नत्र तिसऱ्या हिश्श्यावर आला. बांधावरून नुसती उंची आणि फुटवा पाहून पीक ठीक आहे असं म्हणणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही. हिरवेपणा उतरलेला दिसेल, पण ती खूण उशिरा कळते आणि तिचा दोष बहुतेकदा दुसऱ्याच कशावर टाकला जातो. सोयाबीनच्या एकूण नत्रापैकी सरासरी निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त भाग हवेतून गाठींमार्फत येतो. त्यामुळे ही घट थेट दाण्यापर्यंत पोचू शकते.

चौथी नोंद वरवर पाहता बारीक आहे. ज्या थोड्या गाठी झाल्या, त्यांचं सरासरी वजन संख्येच्या मानाने फारसं घटलं नाही. नत्र स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेज या विकराचं काम गाठीच्या दर ग्रॅमामागे मोजलं, तेव्हा त्यातही लक्षात घेण्याजोगी घट फक्त 79.9 मिलीमोलरलाच आढळली. एकूण नत्र घटला तो गाठी थोड्या झाल्या म्हणून. झालेल्या गाठी आपलं काम करत होत्या.

या चार नोंदी एकत्र ठेवल्या की बिघाडाची जागा बरीच अरुंद होते. जिवाणू मुळापर्यंत पोचतात, हे ठीक. तयार झालेली गाठ वाढते आणि काम करते, हेही बऱ्याच अंशी ठीक. बिघाड आहे तो या दोहोंच्या मधल्या टप्प्यात, म्हणजे जिवाणू मुळाच्या आत शिरून गाठीचा पाया घालतात तिथे.

वाचलेले जिवाणू आणि बारा तास

इथे एक शंका रास्त आहे. सर्वांत खाऱ्या भांड्यातही थोड्या गाठी झाल्याच होत्या. त्या घडवणारे जिवाणू जास्त चिवट असतील का? तसं असेल तर त्यांना वेगळं काढून वाढवलं की मीठ सोसणारा वाण मिळाला.

दोघांनी हेही करून पाहिलं. 79.9 मिलीमोलरला झालेल्या गाठींमधून जिवाणू वेगळे काढले आणि मिठाच्या ताणाखालच्या नव्या मुळांना लावले. तुलनेसाठी बिनमिठाच्या भांड्यातल्या गाठींचे जिवाणू घेतले. फरक पडला नाही. खाऱ्या पाण्यातून निवडून आलेल्या जिवाणूंनीही गाठी वाढवल्या नाहीत. त्यांना गाठ घडवता आली, याचं कारण त्यांच्या चिवटपणात नव्हतं. मुळावरच्या काही मोजक्या जागा तेवढ्या उघड्या राहिल्या होत्या.

(त्या लेखात या जिवाणूचं नाव ‘रायझोबियम जपॉनिकम’ असं आहे. सोयाबीनच्या सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंना 1982 मध्ये ‘ब्रॅडिरायझोबियम’ हे वेगळं कुलनाम मिळालं, पण जुनं नाव पुढेही काही काळ चालू राहिलं. जुने लेख वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.)

तिसरा प्रयोग वेळेचा. या वेळी मिठाची पातळी एकच, 53.2 मिलीमोलर. बदलला तो फक्त मीठ देण्याचा क्षण: जिवाणू लावताना लगेच, 4 तासांनी, 12 तासांनी आणि 96 तासांनी. नुसतं 12 तास थांबल्याने गाठींची संख्या, त्यांचं वजन आणि शेंड्यातला नत्र, तिन्ही वाढले. तरीही 12 आणि 96 तासांच्या रोपांना बिनमिठाच्या रोपांची बरोबरी गाठता आली नाही.

यावरून त्यांनी मांडलेलं अनुमान असं: गाठ घडण्याचे अगदी पहिले टप्पे थोड्या मिठालाही फार नाजूक असतात. जिवाणू जगण्या-मरण्याशी याचा संबंध नाही. मुळावर संसर्ग जिथे होतो त्या जागाच बहुधा मिठाला कच्च्या असतात.

त्या तासांत मूळ काय करत असतं

मुळाच्या टोकामागे जिथे मूळकेस, म्हणजे मुळावरचे केसासारखे बारीक तंतू, नुकतेच फुटू लागलेले असतात, तो छोटा पट्टा संसर्गाला सर्वांत तयार असतो. सोयाबीनवर 1980 साली झालेल्या एका सूक्ष्म अभ्यासात दिसलं की मुळावरची एखादी जागा ही तयारी काही तासच टिकवते. मूळ पुढे वाढतं, तो केस जुना होतो आणि ती संधी सरते. टोक वाढत असतं तोवर नवा पट्टा तयार होत राहतो. जिवाणूंना मुळावर कुठेही बसून चालत नाही. त्यांना योग्य पट्ट्यात, योग्य तासांत असावं लागतं.

96 तासांनी मीठ दिलेली रोपंही मागे का राहिली, याचं स्पष्टीकरण मी यातच शोधतो. पहिल्या चार दिवसांत जे पट्टे तयार झाले, तिथे गाठींचा पाया पडला. नंतर वाढलेल्या मुळावरचे नवे पट्टे मिठाच्या तडाख्यात आले. हे अनुमान माझं आहे, पण ते दोन्ही निरीक्षणांशी जुळतं.

आता त्या पट्ट्यातला व्यवहार. सोयाबीनचं मूळ डेडझीन आणि जेनिस्टीन ही फ्लॅव्होनॉइड द्रव्यं बाहेर सोडतं. जिवाणू ती ओळखतात आणि उत्तरादाखल ‘नॉड फॅक्टर’ नावाचे रेणू तयार करतात. साखरेसारख्या घटकांची एक छोटी साखळी आणि तिला जोडलेलं मेदाम्ल, अशी त्यांची रचना असते. मुळाला हा निरोप मिळाला की मूळकेसाच्या पेशीत कॅल्शियमचं प्रमाण ठरावीक लयीत वर-खाली होऊ लागतं. केसाचं टोक वळतं आणि जिवाणूंना मिठीत घेतं. मग पेशीच्या आत एक बारीक नळी तयार होत जाते, तिला संसर्गतंतू म्हणतात. त्या नळीतून जिवाणू आत सरकतात. तोवर मुळाच्या आतल्या थरात पेशी विभागू लागलेल्या असतात आणि तिथे गाठ उभी राहते.

यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर मीठ घाव घालू शकतं. मूळकेस ही एकच लांबट पेशी. तिची भिंत पातळ असते, ती थेट मातीतल्या पाण्यात उघडी असते आणि तिची वाढ टोकातून, आतल्या पाण्याच्या दाबावर चालते. बाहेर मीठ वाढलं की तो दाब पडतो. दुसरीकडे सोडियम पेशीपटलावरच्या कॅल्शियमला हुसकावतो, आणि इथली सगळी भाषाच कॅल्शियमची आहे. सोयाबीनवरच 1981 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मीठ वाढत गेलं तसं मूळकेसांचं वळणं कमी होत गेल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. जिवाणू हजर होते. केस मात्र त्यांच्याभोवती वळत नव्हते.

ताणाखालचं मूळ इथिलीन हे वायुरूप संप्रेरकही जास्त तयार करतं. काही द्विदल वनस्पतींत इथिलीन संसर्गाला लगाम घालतं हे पक्कं माहीत आहे. मेडिकॅगो या वनस्पतीचं ‘सिकल’ नावाचं एक उत्परिवर्तित रूप आहे, त्याला इथिलीनची जाणीव होत नाही. त्याच्या मुळावर संसर्ग आणि गाठी यांचं मोहोळच लागतं. सोयाबीनमध्ये इथिलीनचा हात इतका ठळक दिसत नाही, म्हणून या प्रकरणात त्याला मुख्य गुन्हेगार ठरवायला मी कचरतो.

तरी याच धाग्यावरून जिवाणूंचा एक वेगळा उपयोग पुढे आला. काही जिवाणूंकडे एसीसी डीॲमिनेज नावाचं विकर असतं. इथिलीन ज्यापासून बनतं तो एसीसी हा पदार्थ ते खाऊन टाकतात. मायाक, टिरोश आणि ग्लिक यांनी 2004 मध्ये दाखवलं की असा जिवाणू लावलेली टोमॅटोची रोपं मिठाच्या ताणात जास्त चांगली वाढली. इथे जिवाणूने स्वतः मीठ सोसणं एवढ्याने भागत नाही. तो मुळावरचा ताण उतरवतो, हे त्याचं मोल आहे. सिंगलटन-बोहलूल यांच्या निष्कर्षानंतर संवर्धक निवडताना विचारायचा प्रश्नच बदलतो. हा जिवाणू किती मीठ सोसतो, हा झाला जुना प्रश्न. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या मुळासाठी तो काय करतो, हा नवा.

जिवाणू पूर्ण सुटले का?

नाही. या प्रयोगातलं मीठ जिवाणूंना मारण्याइतकं नव्हतं, एवढंच सिद्ध झालं. ल्युसर्नच्या मुळावरचे जलद वाढणारे जिवाणू 300 मिलीमोलर मिठातही वाढू शकतात. सोयाबीनचे सावकाश वाढणारे जिवाणू त्या मानाने कमी सोशिक. तीव्र खारवट मातीत त्यांचीही संख्या घटते. जगतात त्यांनाही ट्रेहॅलोज, ग्लुटामेट असे पदार्थ पेशीत साठवून पाण्याचा तोल राखावा लागतो आणि त्यात ऊर्जा जाते. शिवाय बियाण्यावर चोळलेले जिवाणू पेरणीआधी उन्हात सुकून मरतात. तो तोटा मिठाच्या माथी मारून उपयोग नाही.

उलट बाजूचं एक उदाहरण मला विशेष भावतं. घेवड्याच्या मुळावरचा ‘रायझोबियम ट्रॉपिसी’ हा जिवाणू मीठ वाढलं की गप्प बसत नाही. त्याच्या सीआयएटी 899 या वाणात मुळाचा निरोप आलेला नसतानाही जास्त मिठाने नॉड जनुकं, म्हणजे नॉड फॅक्टर तयार करायला लावणारी जनुकं, जागी होतात, हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. मुळाच्या जिवाणूंशी चाललेल्या संवादात मीठ प्रत्येक जोडीत वेगळी ढवळाढवळ करतं. म्हणून सोयाबीनचा निकाल हरभऱ्याला किंवा मुगाला जसाच्या तसा लावता येत नाही.

प्रयोगाच्या मर्यादाही आहेत. वाण एकच होता, मीठ एकाच प्रकारचं होतं आणि रोपं भांड्यांत होती. शेतातल्या क्षारांत क्लोराईडबरोबर सल्फेट असतात, सोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असतं. चोपण जमिनीत तर सोडियम मातीच्या कणांची रचनाच मोडतो. तिथे पाणी साचतं, हवा कोंडते आणि मुळाला प्राणवायू कमी पडतो. तो बिघाड वेगळा. त्यावर जिप्समसारखा कॅल्शियमचा पुरवठा आणि निचरा हेच खरे उपाय. जिप्समचं कॅल्शियम संसर्गाच्या पट्ट्यालाही थोडा हात देत असेल, असं वरच्या यंत्रणेवरून वाटतं. पण त्याला या प्रयोगाचा पुरावा नाही.

आकडा आणि पाणी

मातीच्या अहवालात क्षारता विद्युत वाहकतेने मोजलेली असते. संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, वाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमिनीला खारवट म्हणण्याची जुनी रूढी आहे. मास आणि हॉफमन यांच्या 1977 च्या तक्त्यात सोयाबीनची सहनमर्यादा 5 दिली आहे. त्याच्या वर गेल्यावर उत्पादन घटू लागतं, असा त्याचा अर्थ. आता 26.6 मिलीमोलर मिठाच्या द्रावणाची वाहकता पाहा. ती येते 3 च्या आसपास. मातीच्या अर्काची आणि मिठाच्या द्रावणाची तुलना अगदी काटेकोर होत नाही, हे मान्य. तरीही तक्ता ज्या पातळीवर सोयाबीन निर्धास्त आहे म्हणतो, तिथे गाठी निम्म्या झालेल्या असू शकतात. तक्ता पिकाच्या उत्पादनावर बेतलेला आहे, गाठींवर नाही. नत्रासाठी गाठींवर विसंबणाऱ्याने 5 ही आपली मर्यादा धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळेच्या प्रयोगातून पाण्याकडे पाहायची दृष्टीही बदलते. मातीतलं मीठ एका जागी थांबत नाही. वरचा थर सुकत जातो तसं ते पाण्याबरोबर वर चढतं. सरी-वरंब्यात ते वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतं, आणि बी तिथेच पडलं तर कोवळं मूळ सर्वांत खाऱ्या थरात जन्म घेतं. बी वरंब्याच्या कुशीला टोकलं तर हे टळतं. पेरणीआधी गोड्या पाण्याचा भरपूर ओलावा देऊन मीठ खाली ढकललं आणि उगवणीनंतरच्या दिवसांत वरचा थर सुकू दिला नाही, तर संसर्गाचे पहिले पट्टे त्यातल्या त्यात सौम्य पाण्यात तयार होतात. पाण्याच्या दोन स्रोतांपैकी एक गोडा आणि एक मचूळ असेल, तर गोडं पाणी या दिवसांसाठी राखून ठेवावं. अर्थात निचरा नसेल तर खाली ढकललेलं मीठ पुन्हा वर येणारच.

आणि रोप खणून पाहावं, उपटू नये. उपटताना गाठी मातीतच राहतात. चार-पाच आठवड्यांच्या पिकात खाऱ्या पट्ट्यातली काही रोपं आणि चांगल्या पट्ट्यातली काही रोपं मातीच्या गोळ्यासकट काढावीत, पाण्यात भिजवून मुळं मोकळी करावीत आणि गाठी नखाने फोडून पाहाव्यात. खाऱ्या पट्ट्यात गाठी मोजक्या, पण चांगल्या भरलेल्या आणि आतून गुलाबी असतील, तर गाठीला गुलाबी रंग देणारं लेगहिमोग्लोबिन हे प्रथिन तयार झालं आहे, गाठ चालू आहे आणि अडचण संसर्गाच्या टप्प्यावर आली होती. तिथे जिवाणूंचा डोस वाढवण्याआधी पेरणीच्या वेळच्या मिठाचा विचार करावा. गाठी भरपूर, पण बारीक आणि आतून पांढऱ्या किंवा हिरवट असतील, तर संसर्ग झालेला आहे आणि बिघाड नंतरचा आहे. तिथे शेंड्याकडून येणारी साखर, साचलेलं पाणी, मातीतली हवा, मोलिब्डेनम किंवा लोहासारखी सूक्ष्म द्रव्यं, असं एकेक तपासत जावं लागतं. आणि चांगल्या पट्ट्यातल्या रोपांवरही गाठी नसतील, तर मिठाला बाजूला ठेवून संवर्धकाच्या पाकिटाकडे वळावं.